गळ आमचा, दोर ज्याचा त्याचा

"चिमणे, एक ध्यानात ठेव. दिवा लागला की लोखंड उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचं न्हाय. कुणी का मागंना!"

बनाबाईंचा हा आवाज अजून माझ्या अंगात घुमतो. त्या सांगत होत्या आपल्या नव्या सुनेला, चिमणाबाईला. पण बोट होतं माझ्याकडं. मी दारामागच्या खुंटीवर टांगलेला होतो. सुनेनं पदर सावरला आणि मान हलवली. त्या मान हलवण्यातून पुढं काय काय होणार होतं, हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

मित्रांनो, मी एक जुना गळ आहे. गळ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं मासा आला असेल. मी तो नव्हे. मी विहिरीचा गळ. वर एक कडी आणि खाली गोलाकार वळलेले सहा आकडे, एवढंच माझं रूप. विहिरीत घागर पडली, बादली पडली, की कडीला दोर बांधून मला खाली सोडायचं. मी तळाशी चाचपडत फिरायचं आणि हरवलेलं वर आणायचं.

माझा जन्म मलकापूरचा. त्याआधी मी बैलगाडीच्या चाकाची धाव होतो, म्हणजे लाकडी चाकाला बसवतात ती लोखंडी पट्टी. रत्नागिरीच्या रस्त्यानं किती चढ चढलो आणि किती उतार उतरलो, ते आता आठवत नाही. पण फिरायची सवय अंगात राहिली असावी. चाक मोडलं तेव्हा बनाबाईंच्या वडलांनी ती धाव लोहाराकडं नेली. त्यांची लेक कोल्हापूरला द्यायची ठरली होती. ते म्हणाले, "शहरातल्या हिरी खोल असत्यात. पोरीची घागर पडली तर ती कुणाच्या दारात जाईल?" म्हणून लुगडी आणि भांडीकुंडी यांच्याबरोबर मीही मंगळवार पेठेतल्या दोन खोल्यांच्या घरात आलो. पाहुणे हसले. लग्नात कुणी गळ देतं होय!

सहा महिन्यांत ते हसणं थांबलं. त्या काळी पेठेत परसापरसांत विहिरी होत्या आणि रोज कुणाची ना कुणाची घागर बुडायची. गळ मात्र आमच्याच घरी. सकाळपासून दारात हाका सुरू व्हायच्या.

बनाबाईंनी माझे नेम ठरवून टाकले होते. गळ आमचा, दोर ज्याचा त्याचा. म्हणजे मागायला येणाऱ्यानं स्वतःचा दोर हातात घेऊनच यायचं. दुसरा नेम मला फार आवडायचा. मला परत आणताना पुसायचं नाही, ओलाच आणायचा. अंगावरून ठिबकणारं पाणी बनाबाई तुळशीत झटकायच्या. "कुठल्या हिरीचं हाय?" असं विचारायच्या आणि त्या विहिरीचं नाव घेऊन हात जोडायच्या. आमच्या एका तुळशीनं असं सगळ्या पेठेचं पाणी प्यायलं. आणि तिसरा नेम तुम्ही ऐकलाच आहे.

तालमीच्या विहिरीवरून मी परत आलो, की त्या आणखी एक प्रश्न विचारायच्या. "मासा दिसला का?" आणणारा कधी म्हणायचा, "न्हाय अजून, पाणी वर हाय." कधी म्हणायचा, "दिसला, आक्का." मग बनाबाई त्या दिवसापासून सडा घालायचं बंद करायच्या, आणि बघता बघता सगळी गल्ली पाणी जपून वापरायला लागायची. मला मोठं कोडं पडायचं. त्या विहिरीत मी शेकडो वेळा उतरलो होतो, पण एकही मासा माझ्या अंगाला कधी लागला नाही. एका दगडावरचे उंचवटे मात्र जाणवायचे. अंधारात मला काय कळणार!

काय काय आणलं मी वर! घागरी तर किती. शिवाय एक गजराचं घड्याळ, शाळेची पाटी, रागानं फेकलेलं लाटणं. कसबा बावड्याचे बाळासो एकदा सायकलवरून मला न्यायला आले, कारण त्यांच्या मळ्यातल्या विहिरीत पंपाचा फुटबॉल पडला होता. फुटबॉल म्हणजे खेळायचा चेंडू नव्हे, पंपाच्या नळीला तळाशी बसवतात ती जाळी. उसाच्या मुळांतून झिरपलेलं ते पाणी मला जरा गोडसर वाटलं. कदाचित तो माझा भ्रम असेल.

तालमीतले केरबा वस्ताद एकदा विहिरीच्या काठावर चूळ भरत होते. चुळीबरोबर त्यांची कवळीच आत गेली. सगळे पैलवान काठावर गोळा झाले. मला दहा वेळा सोडलं. कवळी कुठली हाताला लागते! अकराव्या खेपेला मी एक गंजलेली कडी वर आणली.

"वस्ताद, दात न्हाय गावलं, पर कडी गावली. बसवा हीच!" एक पैलवान म्हणाला.

"बसीवतो की. पयलं तुझ्या नाकात," वस्ताद बोळक्या तोंडानं गरजले. त्या दिवशी सगळी तालीम जोर-बैठका विसरली होती.

मित्रांनो, तुम्ही शहर वरून बघता. देवळाची शिखरं, चौक, दुकानांच्या पाट्या. मी ते तळातून पाहिलं. कोल्हापूर हे मुळात पाण्याचं शहर आहे, हे मला जुन्या पोहऱ्यांनी सांगितलं. आज जिथं कपिलतीर्थाची मंडई भरते तिथं एके काळी तळं होतं. गांधी मैदान म्हणजे वरुणतीर्थ. तिथं अजूनही मोठा पाऊस झाला की पाणी येऊन बसतं, जसं एखादं माणूस जुन्या घराच्या पायरीवर येऊन बसावं. ही तळी मी पाहिली नाहीत. पण विहिरी पाहिल्या. कुठं काळ्या दगडाचं नीटस बांधकाम, कुठं आतल्या कोनाड्यात बसलेला एखादा शेंदूर लावलेला देव, कुठं आतल्या आत दुसरीकडं जाणारी एक छोटी वाट, जिथून गार वारा यायचा. ती वाट कुठं जाते, हे विचारायला माझ्याजवळ तोंड नव्हतं.

आता त्या संध्याकाळचं सांगतो. ते सांगताना माझे आकडे अजून जड होतात.

बनाबाई जाऊन वर्ष व्हायचं होतं. चिमणाबाई त्यांचे सगळे नेम जिवापाड सांभाळत होती. सोमवार, मंगळवार, चतुर्थी, सकाळची तुळस, संध्याकाळचा दिवा. शेजारच्या घरात बिबीजान राहायची. तिचा नवरा शमशुद्दीन कल्हईवाला. माझा एक आकडा वाकला होता तो त्यांनीच भट्टीवर तापवून सरळ केला होता, तेही एका चहावर. चिमणाबाई आणि बिबीजान पाणी आणायला जोडीनं जायच्या. जरा पलीकडं लाकडाच्या वखारीत एक विहीर होती. शेजारी कडुलिंब होता म्हणून तिला लिंबाची विहीर म्हणायचे.

बिबीजानकडं तांब्याची एक कळशी होती. तिच्या आईची. मानेखाली ठिपक्याठिपक्यांनी आईचं नाव ठोकलेलं. त्यांच्या घरात ती कळशी आईकडून लेकीकडं जायची, लग्नात. त्या संध्याकाळी बिबीजान एकटीच विहिरीवर गेली होती. दोराची गाठ सुटली आणि कळशी गेली तळाला.

ती धावत आमच्या दारात आली. हातात ओला दोर. आत चिमणाबाईनं नुकताच दिवा लावला होता. हात जोडलेलेच होते.

"चिमाक्का, गळ दे गं बिगीबिगी. कळशी पडली माझी."

चिमणाबाईनं दिव्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं.

"बिबी, दिवा लागला गं. आत्ती सांगून गेल्यात. आता कसा देऊ?" सासूला आमच्याकडं आत्ती म्हणतात. "सकाळी जाऊया. पहाटेच. मी येते संगट."

बिबीजान म्हणाली, "चालंल की. कळशी काय पळून जातीया व्हय!" आणि हसत गेली.

सकाळी चिमणाबाई उठली. पण अंघोळ, देवपूजा, तुळशीला पाणी, एकेक नेम झाल्याशिवाय तिचा पाय निघेना. दोघी मला घेऊन वखारीत पोचल्या तेव्हा ऊन आलं होतं. विहिरीच्या तोंडावर फळ्या, सळ्या आणि वर ओलं काँक्रीट. वखार विकली गेली होती, तिथं दुकानगाळे होणार होते. या दोघींना कुणी काही सांगितलं नव्हतं. गवंडी थापी धूत होता. तो म्हणाला, "तासभर आदी आला असता तर खाली उतरून काढून दिली असती की, बाई."

बिबीजान रडली नाही. ओल्या काँक्रीटकडं बघत राहिली. चिमणाबाईनं तिचा हात धरला.

"बिबी, अंबाबाईची आन हाय. तुझी कळशी मी काढून देणार."

"काढशील गं," बिबीजान म्हणाली. "चल, पोरं उठली असतील."

तिनं या गोष्टीचा एकदाही टोमणा मारला नाही. ईदला शीरखुर्मा येत राहिला, नागपंचमीला पुरणाची दिंडं जात राहिली. फक्त तिनं माझ्याकडं बघणं सोडलं. आणि चिमणाबाईनं त्या दिवसापासून तांब्याच्या भांड्यातून पाणी पिणं सोडलं. का सोडलं, ते तिनं घरात कुणाला सांगितलं नाही. मी खुंटीवरून बघत होतो, म्हणून मला ठाऊक.

पुढं घरोघरी नळ आले, बोअर आले. विहिरींवर जाळ्या बसल्या, काहींत कचरा पडला, काहींवर फरशी आली. माझ्या नावानं दारात हाक येणं थांबलं. मी खुंटीवरच राहिलो. माझ्या आकड्यांना कुणी कांद्याची पिशवी अडकवायचं, कुणी छत्री. एका आकड्यावर पाच वर्षं जुनं कॅलेंडर होतं. गंज हळूहळू चढत गेला. तुळस मात्र रोज नळाचं पाणी पीत होती आणि, मला वाटतं, थोडी बेचव झाली होती.

मागच्या दिवाळीत घर आवरताना मला भंगारात टाकायचं ठरलं. चिमणाबाईची सून क्रांती शाळेत शिकवते. तिनं मला उचललं आणि विचारलं, "आत्ती, हे काय हाय? टाकू?"

चिमणाबाई, जी कधी आवाज चढवत नाही, ती एकदम म्हणाली, "ठेव ते खाली!"

क्रांती दचकली. मग दोघी जमिनीवर बसल्या आणि चिमणाबाईनं माझी गोष्ट सांगितली. तालमीची विहीर, बावड्याची विहीर, वस्तादांची कवळी. क्रांती हसता हसता थांबली. "आत्ती, म्हणजे ह्या सगळ्या हिरी अजून हायेत?"

"असतील की. हीर कुठं जाते? वरचं माणूस जातं."

तिथून ते सुरू झालं. क्रांतीनं शाळेतल्या मुलांसाठी पेठेचा एक मोठा नकाशा काढायला घेतला. दर रविवारी सासू-सुना पिशवीत मला घालून निघायच्या. लोक विचारायचे, "काय चिमाक्का, कुठं चढाई?" ती म्हणायची, "हीर शोधायला." त्यावर गिरणीवाला म्हणायचा, "नळाला पाणी न्हाय काय आज?"

त्याच गिरणीच्या मागच्या दाराला पायरी म्हणून एक काळा दगड टाकला होता. चिमणाबाई तिथं थांबली. खाली बसली आणि दगडाच्या कडेवरून बोट फिरवायला लागली. कडेला खोल खाचा होत्या. दोरानं पडलेल्या. तो विहिरीच्या काठाचा दगड होता. "क्रांते, इतक्या बायका," ती म्हणाली. "ह्यातली एक खाच थोडी माझीबी असंल की गं." क्रांतीनं त्या खाचेत आपलं बोट ठेवलं. गिरणीवाल्यानं दुसऱ्या दिवशी पायरीला दुसरा दगड टाकला आणि तो काळा दगड धुऊन भिंतीशी उभा केला.

एका इमारतीच्या पार्किंगमध्ये जाळीखाली एक विहीर सापडली. राखणदार तिच्यातल्या कासवाला रोज भाकरी घालत होता. आणि तालमीत, गाद्या ठेवायच्या खोलीत, लाकडी झाकणाखाली, ती माझी जुनी विहीर. क्रांतीनं दोराला मला बांधलं आणि माझ्या कडीला आपला मोबाईल, दिवा आणि कॅमेरा चालू करून. मी हळूहळू खाली गेलो. इतक्या वर्षांनी आपण काहीतरी बघायला चाललोय, हरवलेलं काढायला नव्हे, याचंच मला नवल वाटत होतं. वर आल्यावर सगळे मोबाईलवर वाकले.

आतल्या भिंतीत एका दगडावर मासा कोरलेला होता. बोटभर जाड खवल्यांचा, तोंड वर केलेला मासा. पाणी त्याच्याखाली गेलं की तो दिसायचा. बनाबाई त्याचीच विचारपूस करत होत्या! मी आयुष्यभर त्याच्या अंगावरून घासत गेलो आणि मला तो कधी कळला नाही. मित्रांनो, खरं सांगतो, मला त्या दिवशी लाज वाटली आणि आनंदही झाला.

नकाशावर निळे ठिपके वाढत गेले. अकरा झाले. क्रांती विचारायची, "आत्ती, आणखी कुठली?" चिमणाबाई म्हणायची, "आठवंना." मला तर आठवत होती. एके दिवशी बिबीजानच्या लेकीची लेक आयेशा पेढे घेऊन आली. तिचं लग्न ठरलं होतं, पुढच्या महिन्याचं. पेढा हातात धरून चिमणाबाई बसूनच राहिली. आयेशा गेल्यावर तिनं क्रांतीला सगळं सांगितलं. दिवा, दोर, कळशी, काँक्रीट. "त्या पोरीबरोबर जायची होती गं ती कळशी. माझ्या नेमानं बुडाली." मग तिनं स्वतः पेन घेतलं आणि नकाशावर बारावा ठिपका काढला. तिथं आता गाळ्यांची ओळ होती.

ते गाळे जुने झाले होते, पाडून नवीन इमारत होणार होती. कामावर देखरेख करणारा राजवीर हा क्रांतीचा जुना विद्यार्थी निघाला. क्रांती त्याला भेटून आली. "फरशीखाली हीर लागली तर मला सांगशील?" तो म्हणाला, "सांगतो की बाई." त्याला तीन आठवडे झाले.

मित्रांनो, पुढचं सांगायच्या आधी एक मागणं मागतो. तुमच्या गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, इथं पाणी कुठं होतं? उत्तर मिळालं तर तिथं कचरा टाकू नका. झाकण काढून एकदा आत डोकावा, मोठं माणूस बरोबर घेऊन. तुमच्याही पायाखाली एखादा मासा तोंड वर करून वाट बघत असेल. आणि घरात माझ्यासारखं गंजलेलं काही सापडलं तर टाकण्याआधी त्याचं काम काय होतं, तेवढं विचारा.

आता आजची गोष्ट. अगदी आत्ताची.

संध्याकाळी चिमणाबाईनं दिवा लावला. बोटाचं तेल अजून पुसलं नव्हतं, तोच राजवीर दारात आला. अंगभर धूळ.

"बाई, फुटली फरशी! खाली हीर हाय. पाणी हाय आत, चांगलं कमरंइतकं."

क्रांती उठलीच. "मग?"

"मग काय, साहेब म्हणत्यात भरून टाका. सकाळी सहाला काँक्रीटची गाडी हाय. मी अजून तासभर हाय तितं. दिवा लावून ठेवलाय मोठा. काय बघायचं आसंल तर..."

क्रांतीचा हात माझ्याकडं आला आणि खुंटीपाशी थांबला. देव्हाऱ्यात ज्योत स्थिर होती. तिला तो नेम ठाऊक होता. ती हळूच म्हणाली, "आत्ती, गाडीच्या आदी... सकाळी जाऊया का? पहाटेच?"

तेच शब्द. चाळीस वर्षांपूर्वी याच दारात चिमणाबाईच्या तोंडून आलेले.

चिमणाबाईनं बोटाचं तेल डोक्याला पुसलं. दिव्यापुढं वाकली, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, ओठ मात्र हलले. मग ती माझ्याकडं आली. आकड्यावरची छत्री काढून कोपऱ्यात ठेवली, मला खुंटीवरून उतरवलं, माझ्यावर चिमूटभर हळद-कुंकू वाहिलं आणि पदराखाली घेतलं.

"दिव्यापाशी बस, क्रांते. विझू देऊ नको," एवढंच म्हणाली.

मग तिनं उंबरा ओलांडला. आधी उजवा पाय, मग डावा. आणि तिच्याबरोबर मी.

शेजारच्या दारात ती थांबली. बिबीजान तांदूळ निवडत बसली होती. चिमणाबाईच्या पदराखालून माझा एक आकडा बाहेर डोकावत होता. बिबीजाननं तो पाहिला. मग चिमणाबाईच्या मागं, आमच्या खिडकीत दिसणाऱ्या दिव्याकडं पाहिलं.

"चिमाक्का," ती कुजबुजली, "दिवा लागलाय गं."

"व्हय," चिमणाबाई म्हणाली. "दोर घे."

बिबीजान उठली. सूप बाजूला ठेवलं. खाटेखाली वाकली आणि एक जुना, आखडलेला दोर काढला. तो कुठला, हे मी लगेच ओळखलं.

मित्रांनो, हे सगळं मी तुम्हाला सांगतोय ते पदराखालूनच. राजवीर पुढं चाललाय, मागून दोन म्हाताऱ्या. कळशी तिथं असेल का, मला ठाऊक नाही. गाळ किती असेल, तेही नाही. पण कळशीला मान असते, आणि मानेखाली आकडा कसा घालायचा हे मी विसरलेलो नाही. गल्लीत दुकानांचे दिवे लागलेत, तालमीत आरती चाललीय, कोपऱ्यावर म्हशी बांधून दूध पिळतायत.

दिवे लागल्यानंतरचं कोल्हापूर मी आज पहिल्यांदाच बघतोय.